बिनकिल्लीचं पितळी कुलूप: गाभा बाहेर निघणाऱ्यांपैकी आहे का, आणि न तोडता कसं उघडावं?

गंगाघाटकर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. काल नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात जुन्या लोखंडी सामानाच्या ढिगात एक पितळी कुलूप हाती लागलं. विकणारा पितळेच्या भावानेच तोलून देत होता, कारण किल्ली नाही आणि कुलूप साखळीच्या वीतभर तुकड्यात अडकून बंद. म्हणजे कुणीतरी कधीतरी साखळीच कापलेली दिसते.
अंग भरीव पितळेचं आहे. कडी पोलादी, गंज जवळपास नाहीच. अंगावर कंपनीचं नाव कुठेही नाही. किल्लीचं भोक तळाला आहे. नजरेत भरलं ते असं की भोकाभोवतीचा भाग अंगाशी एकजीव नाही. वेगळा तुकडा आत सरकवून बसवलाय असं वाटतं, कडेने केसाएवढी फट दिसते.
हे कसलं कुलूप आहे? तो आतला तुकडा खरंच बाहेर निघतो का? आणि ड्रिल न लावता उघडायचं कसं? तोडायचं असतं तर तिथेच हातोडी मागितली असती, त्यामुळे 'कटरने काप' हा सल्ला कृपया नको.

सिडकोचा राजा
कटरने काप.

चिवडा
पुढच्या सिंहस्थाच्या आत उघडेल अशी अपेक्षा. वाचतोय, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

टर्नर अंबडचा
फोटो चढत नसेल तर निदान सांगा:
किल्लीच्या भोकाभोवती जी फट म्हणताय तिचा आकार गोल आहे की आणखी काही? त्या तुकड्यावर आकडे ठोकलेत का? आणि कडी जिथे अंगात शिरते तिथे बॅटरी मारून आतली खाच बघा. एकाच बाजूला सपाट कापलेली खाच असेल तर आत स्प्रिंगवर सरकणारी जीभ असते. दोन्ही पायांना अर्धगोल खाचा असतील तर आत पोलादी गोळ्या आहेत. जीभवाल्याला पातळ पत्र्याची पट्टी घालून फसवता येतं, गोळ्यांवाल्याला नाही. तो मार्ग बंद की चालू, हे आधी कळू दे.

नाशिकरोडची मावशी
इतका खटाटोप कशाला? शालिमारला किल्लीवाले बसतात ना. आमच्या सासऱ्यांच्या पेटीचं कुलूप त्यांच्यातल्याच एकाने उघडून दिलं होतं. कोरी किल्ली घातली, हलवली, बाहेर काढली, उजेडात धरून बघितली, कानस मारली, पुन्हा घातली. आमचा चहा होईपर्यंत किल्ली तयार. वर म्हणतो, "काकू, दुसरी पण करून ठेवू का?"

टर्नर अंबडचा
मावशी, तो माणूस हाताचा पक्का असणार. कोऱ्या किल्लीला ताण देऊन हलवलं की अडणाऱ्या पिना किंवा लिव्हर (किल्लीने उचलल्या जाणाऱ्या आतल्या पट्ट्या) तिच्यावर बारीक खूण उठवतात. खूण उठते तिथेच कानस मारायची आणि उठायची थांबली की हात आवरायचा. पण त्यासाठी त्या भोकात जाणारी कोरी किल्ली हातात हवी. ह्या कुलपाची शालिमारला मिळेल असं वाटत नाही. आधी ओळख पटू दे.

गंगाघाटकर
कडीच्या दोन्ही पायांना अर्धगोल खाचा आहेत, म्हणजे पट्टीचा मार्ग बंद. फटीचा आकार गोल नाही. दोन वर्तुळं एकावर एक चिकटवल्यासारखा आहे, एक जरा मोठं, एक लहान. किल्लीचं भोक मोठ्या वर्तुळात. इंग्रजी आठ म्हणा ना. तोंडावर तीन आकडे आणि एक अक्षर ठोकलंय.

वाड्यातलं भूत
इंग्रजी आठ हे बरं सांगितलंत, आमच्यासारखे मराठी ८ शोधत बसले असते.

टर्नर अंबडचा
मग ओळख पटली. हा इंटरचेंजेबल कोअर, त्यातही छोट्या मापाचा. कुलूप न उचकटता आख्खा गाभा एका वेगळ्या किल्लीने (तिला कंट्रोल किल्ली म्हणतात) ओढून काढायचा आणि दुसरा सरकवायचा, अशी ही पद्धत आहे. अमेरिकेत सिॲटलला फ्रँक बेस्ट नावाच्या, शाळेच्या इमारतींची देखभाल बघणाऱ्या माणसाने ती १९२० च्या सुमारास काढली आणि पुढे त्याच नावाने कंपनी चालवली. पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही त्याच मापाचे गाभे करू लागल्या. त्यामुळे अंग एकाचं, गाभा दुसऱ्याचा, असंही सर्रास असतं. अंगावर नाव नाही ह्यावरून काहीच ठरत नाही.
मोठ्या मापाचेही असे गाभे असतात, पण ते प्रत्येक कंपनीचे वेगळे आणि एकमेकांच्या कुलपात न बसणारे. आठाच्या आकाराचा म्हटलं की छोटा.

सिडकोचा राजा
बेस्टचं कुलूप? म्हणजे मुंबईच्या बसचं?

चिवडा
हो, कंडक्टरच्या पेटीचं. म्हणून तर सुटे नाहीत, किल्लीपण नाही.

शंकासुर
थांबा, इतकी घाई नको. गाभा बाहेर निघतो म्हणजे इंटरचेंजेबल कोअरच, हे कुठून आलं? माझ्याकडे अमेरिकन पद्धतीचं एक जाडजूड कुलूप आहे, त्याचाही सिलिंडर निघतो. कुलूप आधी किल्लीने उघडायचं, कडी फिरवून बाजूला करायची आणि कडीच्या भोकातून खाली स्क्रू ड्रायव्हर घालून आतला स्क्रू सैल करायचा. सिलिंडर तळातून हातात येतो. म्हणजे तिथे 'निघणारा गाभा' उघड्या कुलपातच निघतो, बंद कुलपात कधीच नाही. गंगाघाटकरांचंही तसंच असेल तर वेगळ्या किल्लीची ही सगळी कथा फुकट जाते.

टर्नर अंबडचा
शंका रास्त आहे. स्क्रूवाल्या कुलपात तोंडाला गोल सिलिंडर दिसतो किंवा खालचा आख्खा पत्रा दिसतो, आठ दिसत नाही. आठाचा आकार दिसतो तो गाभ्याच्या स्वतःच्या घडणीमुळे. मोठ्या वर्तुळात फिरणारी नळी, लहान वर्तुळात वरच्या पिना आणि स्प्रिंगा. दुसरी खूण किल्लीची. ह्या किल्लीला खांदाच नसतो, ती टोकावर थांबते. शंकासुर, तुमच्या किल्लीला भोकापाशी अडणारा खांदा आहे ना?

शंकासुर
आहे. बरं, पटलं. पण स्क्रूवाल्यांची गोष्ट धाग्यात राहू दे. जुनं कुलूप घेऊन कुणी इथे आलं तर दोन्ही जाती माहीत असाव्यात.

परदेशी नाशिककर
ह्यावर मला बोलायलाच हवं. मी जेल रोडचा, सध्या न्यू जर्सीत. आमच्या विद्यापीठात दारं, कपाटं, गच्चीचं फाटक, गॅस सिलिंडरची साखळी, सगळीकडे हेच आठवालं तोंड. लॅबमधल्या एका पोराने किल्ली हरवली तेव्हा देखभालवाला आला, खिशातून एक किल्ली काढली, घातली, जराशी फिरवली आणि दाराचा गाभा ओढून हातात घेतला. दुसरा सरकवला, आमच्या हातात नव्या किल्ल्या ठेवल्या, सही घेतली, गेला. एक स्क्रू काढला नाही. शेकडो दारं असलेल्या ठिकाणी लोक ह्यावर पैसे का घालतात ते त्या दिवशी कळलं.
पण हे घाटावर कसं पोचलं?

देवळालीवाला
आमच्या कॅम्पातून गेलं असणार. इथल्या बंगल्यांच्या माळ्यावरून काय काय निघतं ते बघाल तर गप्प बसाल. रंग उडालेल्या लष्करी ट्रंका, पितळी कंदील, कसलेतरी जाड पट्टे.

वाड्यातलं भूत
देवळालीत ब्रिटिश होते, अमेरिकन नव्हे. माझा संशय मशिनरीच्या खोक्यांवर. सातपूर-अंबडला परदेशी यंत्रं येतात, खोक्याला कुलूप, कुलपाची किल्ली तिकडेच राहते. इकडे कटर चालतो, साखळीसकट कुलूप भंगारात जातं. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तेव्हा अशा वस्तूंना तोटा नव्हता.

देवळालीवाला
ठीक आहे, पण कंदील बघायला या.

चिवडा
कंदिलाला पण आठवालं तोंड आहे का?

वाड्यातलं भूत
अवांतर करतोच आहे तर करूनच घेतो. आमच्या वाड्याच्या कोठीला मळसूत्री किल्लीचं कुलूप होतं. किल्ली स्क्रूसारखी आट्यांची, फिरवत फिरवत आत घालायची आणि ती आतल्या दांड्याला ओढून घ्यायची. फोडायला आलेल्याला भोकात बघून काही उमगायचंच नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी कुलपं आहेत, गेलात तर दिव्यांवरून थेट अडकित्त्यांकडे पळू नका, कुलपांपाशी थांबा.
नंतर सगळीकडे लिव्हरची कुलपं आली. गोदरेज १८९७ साली सुरू झाली ती कुलपांपासूनच, कपाटं पुढची. अलीगढ आणि तमिळनाडूतलं दिंडीगुल ही कुलपांची दोन गावं. दिंडीगुलच्या कुलपाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय. आपल्याकडे द्राक्षांना आहे, तसं.

नाशिकरोडची मावशी
भूतभाऊ, तुम्ही लिहीत राहा, छान वाटतं वाचायला. पण ह्या पोराचं कुलूप अजून बंदच आहे.

गंगाघाटकर
मावशींना +१. समजा मला कंट्रोल किल्ली मिळणार नाही. पिक करून, म्हणजे किल्लीऐवजी हुकाने एकेक पिन उचलून, उघडेल का? माझ्याकडे वायपरच्या पात्यातल्या पोलादी पट्टीची टेन्शन पट्टी (नळीला ताण द्यायला) आणि हॅक्सॉ ब्लेड घासून केलेले दोन हुक आहेत. दुकानात मिळणारी साधी पिनांची कुलपं उघडतात त्यांनी. हे मात्र हाताला काही सांगतच नाही. सगळ्या पिना बसल्यासारख्या वाटतात आणि नळी जागची हलत नाही.

टर्नर अंबडचा
'सगळ्या बसल्या पण फिरत नाही' हेच ह्याचं लक्षण. जरा सविस्तर लिहितो.
साध्या पिनांच्या कुलपात प्रत्येक भोकात दोन तुकडे असतात, खालची पिन आणि वरची पिन. दोघींमधली चीर नळीच्या काठावर आली की तेवढी पिन मोकळी होते. सगळ्या चिरा एका रेषेत आल्या की नळी फिरते. ही झाली शिअर लाईन. लायनस येल ज्युनियरने १८६० च्या दशकात ही रचना हल्लीच्या रूपात आणली आणि आजही बहुतेक दारांत तीच आहे.
ह्या गाभ्यात नळीभोवती एक पातळ स्लीव्ह असते आणि तिला बाजूला एक कान. तो कान कुलपाच्या अंगातल्या खाचेत अडकतो, म्हणून गाभा बाहेर पडत नाही. आता शिअर लाईन दोन झाल्या. एक नळी आणि स्लीव्ह ह्यांच्यामधली, दुसरी स्लीव्ह आणि बाहेरचं कवच ह्यांच्यामधली. एकाच दाराला दोन उंबरे समजा. प्रत्येक भोकात पिनेचे किमान तीन तुकडे, म्हणजे चिराही दोन. रोजची किल्ली सगळ्या चिरा आतल्या रेषेवर आणते, एकटी नळी फिरते, कुलूप उघडतं. कंट्रोल किल्ली त्या बाहेरच्या रेषेवर आणते. मग नळी आणि स्लीव्ह मिळून साधारण १५ अंश फिरतात, कान आत जातो, गाभा ओढून घ्यायचा.
तुम्ही पिक करता तेव्हा ताण नळीला देता, पण घासून तो थोडा स्लीव्हलाही जातो. चार पिना आतल्या रेषेवर बसल्या आणि दोन बाहेरच्या, तर हाताला सगळ्या 'बसल्या' असंच लागणार. पण नळी फिरायला हवी तर त्या दोन अडवतात आणि स्लीव्ह फिरायला हवी तर त्या चार. कुलूप हलणार नाही. तुमचं बहुधा इथेच अडलंय.

शंकासुर
म्हणजे नशिबावर सोडायचं?

टर्नर अंबडचा
सगळं नाही. नळीच्या तळाशी बारीक छिद्रं असतात, पिना खालून ठोकून बाहेर काढण्यासाठी ठेवलेली. ती खाली स्लीव्हमध्येही असतात. त्या छिद्रांत अडकतील असे दात असलेली टेन्शन पट्टी केली, तर ताण नळीला न बसता थेट स्लीव्हला बसतो. मग फक्त बाहेरच्या रेषेवरच पिना अडतात आणि बसतात. कुलूप उघडण्याऐवजी गाभाच हातात येतो.

शंकासुर
पण त्यांना कुलूप उघडायचंय. गाभा काढून कडी कशी सुटेल?

टर्नर अंबडचा
गाभ्याच्या पाठीला दोन भोकं असतात आणि कुलपाच्या आतल्या फिरत्या भागाचे दोन खुंट त्यांत बसतात. गाभा निघाला की ते खुंट समोर दिसतात. स्क्रू ड्रायव्हरने फिरवा, कडी सुटेल. म्हणजे कंट्रोलची रेषा जमली की दोन्ही कामं होतात, आतली जमली तर कुलूपच फक्त उघडतं. तरी माझं मत असं की आधी आतली रेषा करून बघा. साध्या पट्टीने जमू शकते, हाताला कुलपाची सवय होते. दातांची पट्टी घासणं किचकट आहे.

परदेशी नाशिककर
असहमत. थेट दातांची पट्टी करा. साध्या पट्टीने दोन रेषांच्या मध्ये लटकत राहण्यात वैतागाखेरीज काही नाही. इथल्या कुलूपछंद्यांच्या क्लबात मी हेच बघितलंय. नवखे आतल्या रेषेच्या नादात बोटं दुखवून घेतात, मुरलेले थेट कंट्रोलवर जातात.

टर्नर अंबडचा
मुरलेल्यांना तयार पट्टी विकत मिळते, साहेब. आमच्या भावाकडे फीलर गेजचं (बारीक फट मोजायच्या साधनाचं) पातं आणि कानस आहे.

नाशिकरोडची मावशी
आधी तेल घाला रे कुणीतरी. इतकी वर्षं बंद असलेलं कुलूप. शिवणयंत्राचं तेल दोन थेंब, नाहीतर खोबरेल.

वाड्यातलं भूत
मावशी, खोबरेल नको! थंडीत गोठतं, एरवी धूळ धरून चिकट होतं. आमच्या फाटकाचं कुलूप तसंच बसलं. नाशिकच्या जानेवारीत तर विचारू नका.

टर्नर अंबडचा
खोबरेलाबाबत भूतभाऊंशी सहमत. ह्या केसमध्ये तेलच नको. आधी रॉकेल किंवा पेट्रोलने धुवा, कुलूप उलटंसुलटं करून मळ निघू दे, पूर्ण वाळवा. मग कोरडी ग्राफाइट पूड चिमूटभर. शिसपेन्सिल घासून मिळते तीही चालते. तेल आणि ग्राफाइट एकत्र मात्र कधीच नाही, त्याची काळी लापशी होते आणि बारीक पिना त्यातच रुततात. पेट्रोल मोकळ्या हवेत वापरा, गॅसजवळ नको.

सिडकोचा राजा
एवढं करण्यापेक्षा कटरने... बरं जाऊ दे.

वकीलभाऊ
चर्चा रंगली आहे, पण कुणीतरी हे लिहायला हवं. स्वतःचं कुलूप स्वतःच्या घरी उघडण्यात काही गैर नाही. मात्र ही हत्यारं खिशात घालून रात्री फिरू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १२२ सूर्यास्त ते सूर्योदय संशयास्पद स्थितीत सापडण्याबद्दल आहे आणि घरफोडीचं साधन समाधानकारक कारणाशिवाय जवळ बाळगणं त्यात येतं. 'मी छंद म्हणून करतो' हे तुम्ही रात्री एक वाजता रविवार कारंजावर हवालदारांना समजावून सांगाल तेव्हा मला फोन करू नका.

चिवडा
म्हणजे सूर्योदय ते सूर्यास्त चालेल. नोंद घेतली.

वकीलभाऊ
चिवडा, तुमच्यासाठी फी दुप्पट.

परदेशी नाशिककर
छंदवाल्यांचे दोन नियम इथेही तेच आहेत. जे आपलं नाही ते उघडायचं नाही, आणि जे रोजच्या वापरात आहे त्यावर हात चालवायचा नाही. दुसरा नियम लोक विसरतात. पिक करताना पिन किंवा स्प्रिंग वाकली तर घराच्या दाराबाहेर आपणच उभे.

वाड्यातलं भूत
छंद नवा नाही. १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने आधी चबचं डिटेक्टर कुलूप उघडलं. ते १८१८ चं, लिव्हर जास्त उचलली गेली की अडकून बसायचं आणि मालकाला कळायचं कुणीतरी हात लावलाय. मग त्याने ब्रामाचं कुलूप घेतलं. ते दुकानाच्या खिडकीत लावलेलं असायचं, उघडेल त्याला २०० गिनी. हॉब्जला ५१ तास लागले, १६ दिवसांत विभागून. गंगाघाटकर, घाई करू नका.

गंगाघाटकर
२०० गिनी कोण देणार ते आधी ठरवा.

(पुढच्या रविवारी)

गंगाघाटकर
खबर आहे. पेट्रोलने धुतलं तेव्हा आतून जे निघालं त्याला मळ म्हणणं कमीपणाचं होईल, काळा राळेसारखा थर होता. कुणीतरी भरपूर तेल पाजलेलं. वाळवलं, ग्राफाइट घातलं. त्यानंतर प्रत्येक पिन वेगळी कळायला लागली, आधी सगळंच मऊ लागत होतं. पिना सहा आहेत. अगदी हलका ताण ठेवला, अडकल्यासारखं झालं की पूर्ण सोडून पहिल्यापासून. शेवटी नळी फिरली आणि कडी सुटली! साखळीचा तुकडा वेगळा झाला.
पण गाभा जागेवरच. म्हणजे जमली ती आतली रेषा.

टर्नर अंबडचा
शाब्बास! नळी अर्धा फेरा कधी फिरवू नका बरं. किल्लीची खाच वरच्या पिनांसमोर आली तर त्या खाली उतरून अडकतात. आणि कडी बंद करण्याआधी ठरवा, बंद केलीत तर पुन्हा पहिल्यापासून.

नाशिकरोडची मावशी
छान झालं. आता किल्ली करून घे म्हणजे झालं.

गंगाघाटकर
मावशी, शालिमारला जाऊन आलो. त्या काकांनी भोक बघितलं, मान हलवली, म्हणाले कोरी किल्ली नाही, असती तरी आमचं मशीन खांदा धरून किल्ली बसवतं, हिला खांदा नाही. मग कुलूप हातात घेऊन बराच वेळ फिरवून बघत बसले. विकतो का, हेही विचारलं.

परदेशी नाशिककर
आता दातांची पट्टी. मी म्हणतच होतो.

(आणखी काही दिवसांनी)

गंगाघाटकर
परदेशी, तुमचा सल्ला ऐकला. फीलर गेजच्या पात्याला दात घासले. पहिली पट्टी जाड झाली, हुक आत जायला जागाच उरेना. दुसरी पातळ केली. ह्या वेळी अनुभव अगदी वेगळा होता. पिना जरा जास्त उंच जाऊन बसत होत्या आणि शेवटी नळी फिरण्याऐवजी आख्खं तोंडच किंचित सरकलं. ओढलं तर गाभा हातात. कान आत गेलेला स्पष्ट दिसत होता. पाठीला दोन भोकंही आहेत, टर्नरभाऊंनी लिहिलं होतं तशीच.

चिवडा
अहो, २०० गिनींचं बघा कुणीतरी!

शंकासुर
मानलं बुवा. आता मूळ प्रश्नाकडे वळू या. कुठून आलं हे कुलूप? गाभ्यावर काही लिहिलंय?

टर्नर अंबडचा
लिहिलेलं नसलं तरी पिना सांगतील. गाभ्याच्या वरच्या अंगाला प्रत्येक भोकावर पितळी टोपणं दाबून बसवलेली असतात. खालच्या छिद्रातून बारीक पंच घालून ठोका, टोपण, स्प्रिंग आणि पिना ओळीने वर येतात. एक भोक रिकामं करून त्याच्या पिना त्याच क्रमाने चिकटपट्टीवर लावा, मगच पुढचं. मिसळल्या तर काही उपयोग नाही.
मग व्हर्निअर. सर्वात प्रचलित पद्धतीत एक पायरी ०.०१२५ इंच, म्हणजे ०.३२ मिलिमीटरच्या आसपास, आणि स्लीव्हची जाडी अशा दहा पायऱ्यांची. तळाची पिन किती पायऱ्यांची ते बघा, तीच रोजच्या किल्लीची त्या जागेची खोली. तळाची आणि मधली मिळून जी बेरीज येईल तिच्यातून १० वजा केले की कंट्रोल किल्लीची खोली. दोन्ही किल्ल्या कागदावर तयार. एखाद्या भोकात तीनऐवजी चार तुकडे निघाले तर समजा की हे मास्टर किल्लीच्या व्यवस्थेतलं आहे, म्हणजे एकच किल्ली अनेक कुलपांना चालते, आणि मग तळाची पिन सांगते त्याहून वेगळी खोलीही त्या जागी चालते.

गंगाघाटकर
काढल्या. सहापैकी दोन भोकांत चार तुकडे आहेत.

वाड्यातलं भूत
म्हणजे खोक्याचं सुटं कुलूप नव्हे. माझा तर्क मागे घेतो. एका खोक्यासाठी कुणी मास्टर व्यवस्था उभी करत नाही.

परदेशी नाशिककर
बरोबर. तोंडावरचे आकडेही त्याच हिशोबातले असतात, कोणता गाभा कुठे बसवलाय ह्याची नोंद ठेवण्यासाठी. मोठं आवार, पुष्कळ दारं आणि एक रजिस्टर. आवार कॉलेजचं की कारखान्याचं, ते कुलूप सांगणार नाही.

देवळालीवाला
किंवा छावणीचं.

वाड्यातलं भूत
देवळालीवाले, तुम्ही आता कंदील दाखवूनच सोडणार.

गंगाघाटकर
परदेशी, कोरी किल्ली तिकडे मिळेल का? प्रत्येक खाचेची खोली मोजून ठेवली आहे. मशीनवर नको, इथेच कानशीने करतो.

परदेशी नाशिककर
मिळेल. पण किल्लीच्या खाचेचे बरेच प्रकार असतात, चुकीची कोरी किल्ली आतच शिरणार नाही. गाभ्याच्या तोंडाचा समोरून, सरळ उजेडात फोटो पाठवा, तिरका नको. दिवाळीला येतोय तेव्हा घेऊन येईन. मोबदला चिवड्यात, सदस्य चिवडा नव्हे, खायचा.

टर्नर अंबडचा
दोन मागवा, एक कंट्रोल किल्लीसाठी. आणि कानशीने करताना माप टोकापासून घ्या. भोकाच्या बाजूने घेतलंत तर खांदा नसल्यामुळे सगळ्या खाचा सरकतील. टोकाला सर्वात जवळची जी खाच, तिथूनच सुरुवात करा.